उपरण्याखालचा सौदा

बाबा, तुम्ही सैतानाशी सौदा केला होता, हे अमरावतीत ज्याला त्याला ठाऊक होतं. त्या सौद्यात तुम्ही तुमची एकुलती एक पोर, म्हणजे मला, देऊन टाकलं होतं, हेही ठाऊक होतं. तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता शोधून सापडायची नाहीत, पण ती गोष्ट अजून ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात अकोल्याच्या बाजारात दोन भाजीवाल्या तीच सांगत बसल्या होत्या. "कापसाचा दलाल होता म्हने तो. सैतानाले पोरगी देल्ली अन् बरकत घेतली." मी वांगी निवडत तिथंच उभी. न राहवून विचारलं, "मंग त्या पोरीचं काय झालं वं?" म्हातारीला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय होईन? खाल्ली त्यानं," ती म्हणाली. मी घासाघीस न करता वांगी घेतली, कारण खाल्ल्या गेलेल्या बाईनं भाव करणं बरं दिसत नाही, आणि वाटेभर एकटीच हसत घरी आले.

हसत आले खरी, पण घरी येऊन बसले ती बसलेच. माझ्या यजमानांनी मला लिहाय-वाचायला शिकवलं. ते शाळामास्तर होते. तुम्ही जावयाला कधी पाहिलं नाहीत. ते म्हणायचे, "तुला नसत्या चौकशा फार." खरंच आहे. कुणी म्हणालं की अमक्याला भूत लागलं, तर लोक लिंबू-मिरची शोधतात आणि मी विचारते, भूत कुठलं, कधी लागलं, त्याला काय हवंय. ही खोड मला तुमच्यामुळं लागली. ज्या मुलीला लहानपणीच सांगण्यात येतं की तू सैतानाची आहेस, ती सैतानाची चौकशी करणार नाही तर कुणाची करणार? म्हणून मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

तुमचा धंदा आजच्या पोरांना सांगितला तर त्यांना जादूच वाटते. बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या असायच्या, आणि व्यापारी आणि तुम्ही समोरासमोर उभे राहून एका उपरण्याखाली हात घालायचात. भाव तोंडानं बोलायचा नाही. कुठलं बोट धरलं, किती बोटं दाबली, तळव्यावर टोचलं की नुसतं खाजवलं, त्यावर आकडा ठरायचा. हत्ता म्हणत त्याला. तोंडं मात्र चालू असायची, तीही पाऊसपाण्याची आणि लेकीबाळींची. भोवती माणसांचं रिंगण, पण आत काय चाललंय ते त्या दोन हातांनाच माहीत. तुमच्यासारखा हत्ता दुसऱ्याचा नाही, असं लोक म्हणत. समोरच्याच्या बोटाला घाम फुटलेलाही तुम्हाला कळायचा आणि तेवढ्यावरून तुम्ही ओळखायचात की हा अजून चढेल.

तोच खेळ तुम्ही घरी आणला होता. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून उपरणं पुढं करता, मी खाली हात घालते. किती भाकरी हव्यात ते बोलायचं नाही, बोटांनी सांगायचं. वरण अळणी असलं तर तळव्यावर एकदा खाजवायचं. आई वैतागायची. "बापलेकीची तोंडं झडली काय? काय पाह्यजे ते बोला ना सरळ!" तुम्ही गंभीरपणे तिला सांगायचात, "बाई, सौदा चालू आहे." मग एक दिवस मी तीन बोटं दाबली आणि तुम्ही आईला सांगितलंत, पोरीला दोन वाढ. मी पुन्हा दाबली, चांगली जोरात. तुम्ही पुन्हा दोनच म्हणालात. "बाबा हरले!" म्हणून मी ओरडले. तुम्ही हसला नाहीत. हात उपरण्यातून काढून दाराच्या उजेडाकडं धरलात आणि कुणा दुसऱ्याचा हात पाहावा तसं पाहत राहिलात. तो खेळ तिथं संपला आणि का संपला ते मी विचारलं नाही, मला तेव्हा भूक लागलेली होती.

त्याच सुमारास कापसाला आग लागली, म्हणजे भावाला. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी एका मुलखातले लोक आपापसात लढायला लागले, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडं तोंड वळवलं. एवढी साधी गोष्ट होती, पण आम्हाला कोण सांगणार? काल जो माणूस फाटक्या धोतरात गाडी हाकत होता तो आज जरीचा फेटा बांधून नाटकशाळेला बिदागी देत होता. लक्ष्मी इतक्या घाईनं कुणाच्या घरी येत नाही, तिला कुणीतरी हाकलून आणलं असलं पाहिजे, असं लोकांना वाटायला लागलं. मग ज्याच्याकडं जास्त आलं त्याच्याकडं बोट दाखवणं सुरू झालं. एकानं वेताळ बांधला म्हणत, दुसऱ्यानं स्मशानातून खवीस आणला म्हणत. रेल्वेचा पूल बांधत होते तिथं तर साहेबानंच नदीशी बोली केलीय, पायात पोरं गाडल्याशिवाय नदी पूल ठेवू देत नाही, असं आया खालच्या आवाजात सांगत आणि पोरांना घरात कोंडत. सगळा वऱ्हाड त्या वर्षी कुणाशी ना कुणाशी सौदा करून बसला होता.

त्यात शेजारच्या तेलिणीनं तुम्हाला पाहिलं. दुपारची वेळ, तुम्ही ओट्यावर एकटेच बसलेले, दोन्ही हात उपरण्याखाली, डोळे मिटलेले, आणि उपरणं हलतंय. समोर कुणी नाही. मीही पाहिलं होतं ते, आईनंही पाहिलं होतं, पण आम्हाला त्यात काही वाटलं नव्हतं. तेलीण कुंपणापाशी थबकली आणि म्हणाली, "भाऊजी, कोनासंग हत्ता करून राहिले?" तुम्ही डोळेही उघडले नाहीत. "ज्याच्याशी करायचा त्याच्याशीच," म्हणालात. तिच्या हातातली घागर पडायची राहिली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या अमरावतीला कळलं की दलालाच्या उपरण्याखाली दुसरा हात आहे आणि तो माणसाचा नाही.

आणि दिलं काय, हा प्रश्न आलाच. सैतान फुकट काही देत नाही. त्याला घरातलं काहीतरी लागतं, आणि घरात दुसरं होतं काय? त्याच दिवसांत मला ताप आला. साधा हिवताप होता तो, गल्लीत चार पोरं तापानं पडली होती, पण बाकीच्यांचा तो ताप होता आणि माझा तो सैतानाचा हप्ता. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अंगातला ताप उतरला तशी आईनं मला उकिरड्यावर नेऊन बसवलं. गल्ली गोळा झाली होती. बाळापूरकडची एक विधवा कास्तकारीण बैलगाडीनं आली होती, नात्याची नाही, गोत्याची नाही. तिनं सुपात ज्वारी आणली होती. ती ज्वारी तिनं आईच्या पदरात ओतली आणि मला उचलून गाडीत टाकलं. "ऐका रे सगळे," ती ओरडली, "हे पोरगी आता माही हाये. इकत घेतली म्या. ज्याले मागाची असंन त्यानं माह्याकडं यावं!" असं पोर विकलं म्हणजे सैतानाचा दावा फुका जातो, कारण देणाऱ्याचं ते उरतच नाही, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी अशी विकलेली पोरं त्याच संध्याकाळी परत घरी येतात. मी आले नाही. आई एवढी रडली की मला वाटलं, ज्वारी कमी पडली असेल.

बाळापूरला त्या बाईला मी आई म्हणायला लागले, आणि तुम्हाला मामा. बाबा म्हटलं की सैतानाला पत्ता लागतो, असं मला बजावलं होतं. तुम्ही यायचात, वाड्याबाहेरच्या कडुनिंबापाशी थांबायचात आणि खाऊची पुरचुंडी दगडावर ठेवून चार पावलं मागं सरायचात. मग मी जाऊन ती उचलायची. "मामा, बसा ना," मी म्हणायची, बाळापूरच्या आईनं शिकवलं होतं तसं. तुम्ही उभ्याउभ्याच विचारायचात, जेवली का, भांडली का कुणाशी. एकदा तुम्ही माझ्यासाठी हिरव्या रंगाची लाकडी बाहुली आणलीत. ती पाहून मी सगळं विसरले आणि धावत येऊन तुमच्या पायांना मिठी मारायला गेले. तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की कडुनिंबावरचे पोपट उडाले. "दूर! दूर हो म्हणतो ना! हात लावू नको!" तुम्ही माझ्यावर कधीच ओरडला नव्हता. मी मागं सरताना पडले. तुम्ही उचलायलाही आला नाहीत. बाहुली घेऊन मी घरात गेले, आणि तुम्हीसुद्धा मला सैतानाची समजता हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

मग मी माझ्या चौकशीला लागले. मला एवढंच कळायला हवं होतं की सैतान न्यायला कधी येतो आणि त्याच्या हातून सुटता कसं येतं. बाळापूरच्या आईला मी भंडावून सोडलं. तिच्याकडं एक गोष्ट होती. एका कुणब्यानं भुतासंगं बटईनं, म्हणजे वाट्यानं, वावर केलं. भूत म्हणालं, मी वरचं घेईन, तू खालचं घे. कुणब्यानं कांदे लावले. दुसऱ्या साली भूत शहाणं झालं, म्हणालं, आता मी खालचं. कुणब्यानं ज्वारी पेरली. "मंग तिसऱ्या साली?" मी विचारायची. "तिसऱ्या साली पऱ्हाटी पेरली. वर बोंडं, खाली मुळं. भूत म्हने, यंदा मले मंधातलं दे. देल्लं. खोडं घेऊन गेलं बिचारं जाळाले." आणि ती मनापासून हसायची. मला हसू यायचं नाही. मी विचारायची, भुतानं कुणब्याला मारलं का नाही मग? तेवढी चिडण्यासारखी गोष्ट होती की. ती गोंधळून म्हणायची, "बोली झाली होती ना वं. बोली झाल्यावर कसा मारन?"

दर गुरुवारी एक म्हातारा फकीर धूप फिरवत यायचा. त्याला मी विचारलं, सैतानाला कोण घाबरवू शकतं? तो अंगणात बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बेटी, शैताननं पैला सौदा तर खुदाशीच केला. म्हणाला, मला हाकलता तर हाकला, पण कयामतपर्यंत मुदत द्या. आणि खुदानं दिली. ज्याला देवानं मुदत दिली त्याच्याकडून तू मुदत माग. तो ना कसा म्हणेल?" मला ते फार पटलं. त्या रात्रीपासून मी निजण्याआधी सैतानाकडं मुदत मागायला लागले: एवढी दिवाळी होऊ दे, एवढा भुलाबाईचा खेळ होऊ दे. तो देत गेला. इतका वायद्याचा पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग लढाई थांबली म्हणे तिकडची, आणि इकडं भाव असा कोसळला की जरीचे फेटे बोहारणीकडं गेले. तुम्ही बाजारातून दिसेनासे झालात. सैतानाची मुदत भरली, लोक म्हणाले. आई आणि तुम्ही मोर्शीकडं कुणाच्यातरी मळ्यात जाऊन राहिलात, आणि काही सालांनी निरोप आला की तुम्ही गेलात. अंत्यविधीला कुणाला बोलावलं नव्हतं, मुडदा कुणी पाहिला नव्हता, त्यामुळं सैतानानं अंगासकट नेला यात कुणालाच शंका राहिली नाही. आई तुमच्यामागं फार दिवस टिकली नाही. मला तोवर न्हाण आलं होतं, लग्न ठरलं होतं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण तुमच्या जाण्यानं माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मला वाटलं, चला, त्याला जे न्यायचं होतं ते त्यानं नेलं.

कळलं ते फार उशिरा. अकोल्यात मिशनची एक मडम आमच्याकडं विणकाम शिकवायला यायची. मराठी मोडकं बोलायची पण गोष्टींना माझ्यासारखीच हपापलेली. तिला मी आपली बटईची गोष्ट सांगितली, तर ती टाळ्या पिटायला लागली. तिच्या मुलखातही कुणबी आणि भूत असेच वावर वाटून घेतात म्हणे! तिकडं सैतान पूलही बांधून देतो आणि पुलावरून पहिला जाईल तो माझा म्हणतो, मग गाववाले पहिल्यांदा कुत्रं सोडतात. मात्र तिकडचे मोठे लोक सौदा करतात तो कागदावर, आणि सही रक्तानं. मला हे भारी नवल वाटलं. सैतानाला कागद कशाला लागतो? आमचा सैतान उपरण्याखाली बोट दाबून मोकळा होतो. मी तिला विचारलं, तुमच्याकडच्या एकातरी गोष्टीत सैतान लबाडी करतो का? तिनं बोटांवर एकेक गोष्ट मोजली. शेवटी म्हणाली, नाही, लबाडी नेहमी माणूस करतो. आम्ही दोघी बराच वेळ यावर बोलत बसलो, भात करपला.

ती मडम दवाखान्यात महारोग्यांची, म्हणजे रक्तपितीवाल्यांची, शुश्रूषाही करायची. एकदा मी तिला लोकर परत द्यायला तिकडं गेले. ओसरीवर एक गाडीवान बसला होता. तिनं त्याला डोळे मिटायला लावले, त्याच्या हातावर कापड टाकलं आणि कापडाखाली हात घालून त्याची बोटं एकेक करून चिमटत ती विचारत होती, "आता कोणतं बोट?"

"लावा तं पह्यले हात," तो म्हणाला.

बाबा, मी दोन पावलं मागं सरले. ओट्यावरचं उपरणं हलताना मला स्वच्छ दिसलं. तुम्ही कुणाशी हत्ता करत नव्हता. तुमच्याच डाव्या हातानं तुम्ही उजव्या हाताची बोटं चिमटून पाहत होता, की आज कळतंय का, कालच्यापेक्षा जास्त गेलं का. मडमला वाटलं मला किळस आली. तिनं समजावलं की हा रोग रक्तातून येत नाही असं आता डॉक्टर म्हणतात, जंतू असतो, लहान पोरांना जवळ राहण्यानं लागतो, म्हणून पोरं दूर ठेवायची. तुम्हाला जंतू कोण सांगणार होतं? तरी तुम्ही ते कुठून ओळखलंत, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

मी तशीच बाळापूरला गेले. तिथली आई म्हातारी झाली होती, उन्हात बसून वातींसाठी कापसातली सरकी काढत होती. मी म्हटलं, "आई, बाबाचे हात कशानं गेले?"

तिनं वर पाहिलं नाही. "कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाही. माह्यंच मले समजलं."

तिनं मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. "तो आल्ता माह्याकडं. तुले उकिरड्यावर बसवाच्या पह्यलेच. त्या कडूलिमाखाली उभा राह्यला. म्या म्हटलं, बाबू, उन्हात कावून उभा, वर ये. तं म्हने, इथूनच बोलतो. काय म्हने, माही पोरगी ठेवून घे. म्या म्हटलं, बरं, चाल, कर हत्ता." ती अशीच होती, तुम्हाला ठाऊक आहे. विधवा बाई बाप्यांच्या हातात हात देते म्हणून गावानं नावं ठेवली, तर म्हणायची, कापूस माझा तर हातही माझाच. "म्या पदर पुढं केला. त्यानं हात मांगं घेतले. म्हने, अक्का, आज तोंडानं करू. जिंदगीत पह्यल्यांदा त्या मानसानं तोंडानं सौदा केला."

"काय बोलला?"

"म्हने, लिमाच्या अलीकडं मी कधीच येनार नाई. पोरीले घरी धाडू नको, कितीबी रडली तरी. म्या म्हटलं, अन् लोकाईले काय सांगू? म्हने, ते तेलीन बोंबलूनच राह्यली हाये. सांग, सैतानाले बोललेली होती, म्हून इकली. म्या म्हटलं, लाज नाई वाटत स्वतःच्या नावानं असं बोलाले? तं म्हने, अक्का, सैतानाच्या पोरीले नवरा भेटते. रगतपितीवाल्याच्या पोरीले कोनी पानीबी पाजत नाई."

"तुले भेव नाही वाटलं? मलेही तो रोग असता तर?"

"वाटलं ना. रोज तुले आंग धुताना पाहो, कोठी चट्टा हाये काय. मंग कधी तरी पाहाचं राहूनच गेलं."

"अन् तू काय घेतलंस त्याच्याकडून? या सौद्यात?"

"येडी हायेस काय? तुले घेतलं ना," ती म्हणाली आणि पुन्हा सरकी काढायला लागली.

मी त्या दिवशी कडुनिंबाखाली जाऊन खूप रडले. तुमचा राग आला म्हणून रडले. मला सांगितलं असतंत तर मी लांब उभी राहिले असते, शहाण्यासारखी राहिले असते, असं वाटलं. मग विचार केला तर कळलं की नसते राहिले. तुम्हाला माझी खोड माहीत होती. मला रोग सांगितला असता तर मी तुमचा हात हातात घेऊन पाहिला असता. सैतानालाच मी तेवढी भ्याले असते. तरी त्या ओरडण्याचा विचार मनात येतो, बाबा. मी पडले तेव्हा तुम्ही एक पाऊल पुढं टाकलं होतंत का? मी किती आठवून पाहिलं, पण मी तेव्हा बाहुलीकडं पाहत होते.

हे सगळं आज लिहायचं कारण भाजीवाल्या नाहीत. काल माझ्या नातीला पाहायला मोर्शीकडची मंडळी आली होती. स्थळ चांगलं आहे, संत्र्याचा बाग आहे, मुलगा शिकतोय. बोलणं सगळं जमत आलं, आणि मुलाच्या आजीनं पानाचा डबा खाली ठेवून मला विचारलं, "आमी ऐकलं होतं का तुमच्या वडलाईले रगतपिती होती. आमच्याच शिवारातल्या मळ्यात राहत होते म्हने. खरं काय ते सांगा बाई, पोराच्या जन्माचा प्रश्न हाये." माझा मुलगा माझ्याकडं पाहत राहिला, त्याला यातलं काही माहीत नाही. सून दारात थांबली. मडमनं सांगितलेलं रक्ताचं आणि जंतूचं त्या बाईला सांगून काय उपयोग होता? मी हसले. म्हटलं, "रोग कशाचा वो! सैतान होता तो." आणि मग मी ती गोष्ट सांगितली, ओटा, उपरणं, तेलिणीची घागर, सुपातली ज्वारी. इतकी रंगवून सांगितली की मुलाचे काका पुढं सरकून बसले. आजीबाईंनी शेवटी माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "म्हंजे सैतानाच्या हातातून सुटलेल्या तुमी! मोठं नशीब घेऊन आल्या बाई!" सुपारी फुटली.

खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. तुमचा सौदा अजून चालू आहे आणि मी त्यात आहे, एवढंच वाटलं, आणि थोडी ऐटही वाटली. हा कागद मी चुलीत घालणार आहे. आमच्या घरात आता वाचता येणारी तोंडं फार झाली आहेत. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मंडळी गेल्यावर नात माझ्या अंथरुणावर येऊन बसली. चौकशीची खोड तिच्यात उतरली आहे. म्हणाली, "आजी, सैतान खरंच होता?" मी म्हटलं, होता. "तू पाहिलास?" पाहिला. "मग दिसायला कसा होता गं?" मी सांगायला तोंड उघडलं, बाबा, आणि काही आठवेचना. तुमचं उपरणं आठवलं, कडुनिंबाखाली उभे राहायचात ते आठवलं. चेहरा कुठंच नव्हता. ती वाट पाहत होती, म्हणून मी म्हटलं, "लांबून पाहिला मी त्याला. तो जवळ कधी आलाच नाही."